विहिरीवरची देवी

कॅनडात हॅलिफॅक्सला आल्यावर काही वर्षं मी एका तमिळ मैत्रिणीबरोबर अपार्टमेंट शेअर केलं. दोघी एकाच हॉस्पिटलच्या लॅबमध्ये होतो. मदुराईकडच्या तिच्या गावात, शेतातल्या विहिरीजवळ त्यांच्या घराण्याची देवी होती, हळदीनं माखलेला एक दगड. घरातली एक मुलगी पाण्याला गेली, विहिरीत तिला उजेड दिसला आणि हसत हसत आत उतरून ती देवी झाली, अशी तिची गोष्ट. दरवर्षी मैत्रिणीची आई त्या दगडाला कोरी साडी नेसवायची. मी बौद्ध घरातली, देवीबिवी मानत नाही. तरी गोष्ट मला आवडली होती.

मग तिची आई आजारी पडली. हिचं वर्क परमिट रिन्यूला टाकलेलं. देशाबाहेर गेली तर परत येता येईल याची खात्री नव्हती. रोज सकाळी ती व्हिडिओ कॉलवर आईशी बोलायची. एका रविवारी मी पोहे करत होते. फोनवर बराच वेळ तिची आईच बोलत होती. फोन ठेवून ही म्हणाली, "ती विहिरीत उतरली नव्हती गं. तिला ढकललं."

"कुणी?"

"भावांनीच. माझे आजोबा होते त्यात. गावाबाहेरच्या वस्तीतल्या एका मुलाबरोबर ती पळून जाणार होती. पुढे घरातली पोरं तापानं जायला लागली, तेव्हा घाबरून दगड बसवला. आजीनं मरताना आईला सांगितलं, आईनं आज मला."

वस्ती म्हणजे कुठली, हे मला विचारावं लागलं नाही. आमचीही गावाबाहेरच होती.

"आणि तो मुलगा?"

"मी विचारलंच नाही."

दुसऱ्या दिवशी विचारायचं ठरलं होतं. पण आईची शुद्ध गेली ती परत आलीच नाही. अंत्यविधी तिनं फोनवर पाहिला, जॅकेटसुद्धा न काढता, जमिनीवर बसून.

महिन्याभरानं तिनं भावाला विचारलं. "देवीबद्दल असलं बोलायचं नाही," म्हणून त्यानं फोन ठेवला. त्या वर्षी साडी त्याच्या बायकोनं नेसवली. फोटो आला. हिनं तो उघडला आणि ही माझ्यासमोर मोठ्यानं रडली.

आता मी लंडनला असते, ऑन्टारिओतल्या. आमचं फोनवर बोलणं होतं. गावात ज्याला ज्याला विचारता आलं, त्याला तिनं विचारलं. त्या मुलाबद्दल कुणीच काही सांगत नाही.