काकूंना आवडलं, तिथंच बिघडलं

विमा कचेरीतून निवृत्त झाल्यावर काकांनी झाडं लावली असती, तर कुणाचं काही बिघडलं नसतं. पण त्यांनी मागच्या खोलीत वायरींचं जंजाळ मांडलं, बटणांची दोन-चार खोकी एकमेकांना जोडली आणि ते त्यांतून आवाज काढायला लागले. घुंऽऽऽ. मग बराच वेळ काहीच नाही. मग टक्.

"हे संगीत आहे. तुला नाही कळायचं," काका बायकोला म्हणाले.

काकूंना खरंच कळत नव्हतं. दिवसभर डोळ्यांच्या दवाखान्यात काउंटर सांभाळून त्या घरी येत आणि कानांत कापूस कोंबत. "मिक्सर गेला का हो?" असं मुद्दाम विचारत. काका खिन्न हसत. कुणालाच न समजलेला कलावंत असण्यात एक सुख असतं. काकांना ते घरबसल्या मिळत होतं.

मग घात झाला. एका दुपारी दवाखान्यात शुकशुकाट असताना काकूंच्या ध्यानात आलं, की आपण मघापासून कशाची तरी वाट बघतोय. त्या टक्‌ची! डोक्यात घुंऽऽऽ केव्हाच सुरू झालं होतं. त्या नादात त्यांनी एकाच पेशंटला दोनदा आत पाठवलं.

त्या दिवसापासून कापूस सुटला. काकू मागच्या खोलीच्या दारात खुर्ची टाकून बसू लागल्या.

पुढं काकांनी मित्रांना ऐकायला बोलावलं. मित्र डोळे मिटून, हनुवटीला हात लावून बसले. "काय खोली आहे!" एकजण शेवटी म्हणाला. बाकीच्यांनी घाईनं माना डोलावल्या.

चहाचे कप ठेवता ठेवता काकू म्हणाल्या, "सुरुवात झकास होती. मधे मात्र तुम्ही घाबरलात. शांतता सोसवेना, म्हणून उगाच खरखर भरलीत."

काकांचा चेहरा उतरला, कारण ते अगदी खरं होतं. मित्र गेल्यावर ते उखडले, "चारचौघांत बोलायची काय गरज होती?"

"अहो, आवडलं म्हणूनच बोलले ना!"

"तेच तर! तुलासुद्धा आवडायला लागलं, मग त्यात राहिलं काय?"

आठवड्याभरात काकांनी बासरी आणली. खोकी आपसूक काकूंकडे आली. त्या घुंऽऽऽबद्दल आजवर कुणी तक्रार केली नव्हती. बिल्डिंगला वाटे, पाण्याचा पंप आहे. बासरी सुरू झाल्यावर मात्र खालच्या मजल्यावरचे मास्तर तणतणत वर आले.

"काकू, काकांना जरा आवरा हो!"

"आवरते की. तोवर तुम्ही हे ऐका," म्हणत काकूंनी त्यांना मागच्या खोलीत बसवलं, हातात चहा दिला आणि बटण फिरवलं. घुंऽऽऽ. मग काहीच नाही.

मास्तरांनी चहा संपवला, तरी मान डोलवावी की निघावं, हे त्यांचं ठरेना.