घोडी ठेवायची की द्यायची

५ इस्फंदार, फसली १३५२. दुकानातल्या निजामी जंत्रीवर ही तारीख होती. इंग्रजी सालानं त्रेचाळीसचा जानेवारी, आणि संक्रांत पाच-सहा दिवसांवर आलेली. मी ओसरीवर खोगीर उसवून बसले होते. आतला जुना, गोळे झालेला काथ्या काढायचा, उन्हात घातलेला अंबाडीचा वाख भरायचा आणि दाभणानं पुन्हा शिवायचं, एवढं काम होतं.

सासूबाई शेंगा फोडत समोर बसल्या होत्या. म्हणाल्या, "शिवतीयास खरं. पर घालणार कुणाच्या पाठीवर? माझ्या?"

"तुमी लोळत न्हाई जमिनीवर, आत्याबाई. तुमच्यावर घातलं तर चालंल."

त्या हसल्या. मला मात्र हसू येत नव्हतं. त्या दुपारी एका जहागिरीचे कारभारी आमची घोडी बघायला येणार होते. पसंत पडली की घेऊन जाणार होते.

मुरुमच्या पेठेत आमचं कापडाचं दुकान होतं. दुकान माझे यजमान बघत. सगळी पेठ त्यांना मालक म्हणायची, म्हणून मीही मालकच म्हणत असे. माझा धंदा दुकानाबाहेरचा होता. आसपासच्या नऊ गावांत देशमुखांची, इनामदारांची, मुसलमान मातबरांची घरं होती आणि तिथल्या बायका बाजाराला येत नसत. खण, लुगडी, ओढण्या, छीट, सगळं मी घोड्यावर घालून त्यांच्या माजघरात नेत असे. पुरुषानं आणलेलं कापड बाईला कधी पसंत पडत नाही. या एका गोष्टीवर माझा धंदा बारा वर्षं उभा होता.

आधीचं तट्टू म्हातारं होऊन दसऱ्याला मेलं. दिवाळीआधी मालकांनी ही घोडी आणली. तांबूस रंगाची, पाच वर्षांची, पायांनी भक्कम. खोड एकच. तिला चाल नव्हती. दुडक्या चालीनं जायची, म्हणजे वर बसणाऱ्याचं हाडन् हाड वाजायचं आणि गठ्ठे सुटून पोटाखाली यायचे. दिवसाला सात-आठ कोस जायचं तर घोडं रहवाल लागतं. एका बाजूचे दोन्ही पाय बरोबर टाकणारं, पाठ न हलवणारं. माझी चाळिशी जवळ आली होती आणि कंबर आधीच बोलायला लागली होती.

मालकांनी घोडी शिकवायला चाबूकस्वार लावला. पेठेत त्यांना सगळे उस्ताद म्हणत. साठीचे, मेंदी लावलेल्या दाढीचे, तोंडानं गोड, हातानं कडक. त्यांची रीत जुनी होती. एका बाजूचा पुढचा आणि मागचा पाय दोरानं जोडायचा, तशाच दुसऱ्या बाजूचा, आणि मग लांब दोरी धरून घोड्याला गोल फिरवायचं. पाय आपोआप जोडीनं पडायला लागतात आणि महिन्या-दीड महिन्यात दोर सोडले तरी चाल राहते. अशी कितीतरी घोडी त्यांनी घडवली होती.

आमची घोडी पहिल्या दिवशी दोन फेऱ्या फिरली, उभी राहिली आणि खाली बसली. दुसऱ्या दिवशी एकच फेरी. तिसऱ्या दिवशी दोर नुसता दिसला आणि ती अंगणात आडवी झाली, चारी पाय ताठ. उस्तादांनी चुचकारलं, गूळ दिला, चाबूक हवेत वाजवला. ती डोळे उघडे ठेवून पडून राहिली. दोर सोडला की उठायची, अंग झाडायची आणि हुलग्यांच्या टोपलीकडे जायची.

"बाईसाब," उस्ताद म्हणाले, "जनावर न्हाई हे. मौलवीसाहेबांचा पोरगा आहे. मदरशाचं नाव काढलं की पोटात दुखतंय."

दोन महिने असेच गेले. मालकांनी एक अट घातली होती, "उस्ताद बसा म्हणतील तवाच बसायचं. पडून पाय मोडलास तर मी काय करू?" अट प्रेमाची होती, पण माझा धंदा तिच्यात अडकला. माघापासून लग्नं सुरू होतात. लग्नघरी मी संक्रांतीच्या आत पोचले नाही तर तिथं दुसरं कुणीतरी पोचणार हे उघड होतं. उमरग्याचा एक कापडवाला आपल्या बहिणीला घेऊन माझ्या दोन घरी जाऊन आल्याचं माझ्या कानावर आलंही होतं. घोडी विकली तर मालक दुसरी आणणार नव्हते. बैलगाडीनं जा म्हणत होते. काळ्या रानातल्या त्या वाटांनी, दोन ओढे ओलांडून, गाडीनं दिवसाला एक गाव होतं. नऊ गावं नऊ दिवसांत करायची तर घर कुणी बघायचं? घोडी गेली की माझं जाणंच संपणार होतं. हे मालकांना कळत नव्हतं असं नाही. त्यांना ते बोलायचं नव्हतं.

महिनाभरापूर्वी आमची पाणी भरणारी बाई बाळंतपणाला माहेरी गेली. परड्यातल्या विहिरीचं पाणी मचूळ, त्यात डाळ शिजत नाही. गोडं पाणी अर्ध्या कोसावरच्या मळ्यातून आणावं लागे. मी घोडीकडे बघितलं. ती हुलगे खात होती. म्हटलं, शिकत नाही तर नको शिकू, पाणी आण. काथ्याच्या दोन जाळ्या विणल्या, दोन्हीकडे एकेक तांब्याची घागर अडकवली आणि मी दोरी धरून पुढं चालायला लागले.

पहिल्या दिवशी येताना तिनं दुडकी चाल धरली. पाणी हिंदकळलं आणि थेट तिच्या पोटावर गेलं. मार्गशीर्षातली थंडी, सकाळची वेळ. ती थबकली. पुन्हा दुडकी, पुन्हा गार पाणी. तिसऱ्यांदा तिनं कान मागं टाकले आणि हळू निघाली. मी दुसऱ्या दिवशी घागरींच्या तोंडात लिंबाचे डहाळे घातले, म्हणजे पाणी उसळणार नाही. चौथ्या दिवशी डहाळे घालायचे विसरले. घरी येऊन घागरी उतरवल्या तर काठोकाठ भरलेल्या. घोडीचं पोट कोरडं.

मी घागरी ओतून पुन्हा अडकवल्या आणि घोडीला परत मळ्याकडे नेलं. या वेळी येताना मी मागं राहून तिचे पाय बघितले. डावे दोन्ही एकदम, उजवे दोन्ही एकदम. उस्ताद दोरानं जे करत होते ते ती अंगावर पाणी नको म्हणून आपलं आपण करत होती.

मग मी तिची शिकवणी सुरू केली, पण तिला कळू दिली नाही. अर्धी घागर भरली की पाणी जास्त उसळतं, म्हणून आठवडाभर अर्ध्याच भरल्या. गावाबाहेर आल्यावर घागरींच्या मधोमध मी स्वतः चढून बसले. मग घागरी रिकाम्या, पण आत ओल्या फडक्यात गुंडाळलेले दगड. मग घागरींच्या जागी कापडाचे गठ्ठे. चाल तशीच राहिली. मालकांची अट मोडली होती. बोलले नाही. दाखवण्यासारखं होईपर्यंत बोलून उपयोग नव्हता. आणि दाखवायची वेळ यायच्या आत त्यांनी कारभाऱ्यांना निरोप धाडला.

दुपारी कारभारी आले. रुमाल बांधलेले, पोट सुटलेले, हातात मिटलेली छत्री. उस्तादही आले. शेवटचा एक प्रयत्न करतो म्हणाले. दोन महिन्यांची त्यांची इभ्रत त्या दोरात होती. त्यांनी घोडी दुकानापुढं आणली, पाय जोडले आणि दोरी हातात घेतली. घोडी एक पाऊल चालली आणि भर पेठेत लोळली.

शिंप्यानं मशीन थांबवलं. पानवाला म्हणाला, "उस्ताद, चादर आणू का? गार लागत असंल तिला."

कारभारी छत्री टेकून म्हणाले, "मालक, ओझ्याला न्यावी लागंल ही. चालीचे पैसे मी देणार न्हाई. काय ते बोला."

मालकांनी माझ्याकडे बघितलं. मी ओसरीवरून खाली उतरले आणि म्हटलं, "जरा थांबा. आदी मला बसून दावू द्या."

"अगं, उस्ताद काय म्हणत्यात..."

"उस्तादांना मीच इचारते. उस्ताद, दोर काढा आणि सांगा, बसू का?"

उस्ताद कपाळावरचा घाम पुसत होते. "बाईसाब, माझ्यानं जे झालं न्हाई..."

"पंधरा दिवस बसतीया मी तिच्यावर. मळ्यापासून वेशीपर्यंत."

 माझ्याकडे रागानं बघायला मालकांना वेळ मिळाला नाही, कारण सासूबाई मधे पडल्या. "बसतीया तर बसू दे की! मी बी बघते." आत गेल्या आणि ताकानं भरलेला तांब्या घेऊन आल्या. रहवाल चालीची परीक्षा आमच्याकडे अशीच घेतात, हातात भरलं भांडं धरून. पण लोक पाणी घेतात.

"ताक कशाला, आत्याबाई?"

"पाणी सांडलं तर वाळून जातंय. ताक सांडलं तर समद्या पेठंला दिसंल." सून म्हणून त्यांनी मला काही सूट दिली नाही, हे आजही मला बरं वाटतं.

उस्तादांनी दोर सोडले. घोडी उठली, अंग झाडलं. मी काष्टा घट्ट मारला, खोगीर घातलं, दोन्हीकडे गठ्ठे अडकवले आणि चढले. उस्तादांनी स्वतःच्या हातानं तांब्या माझ्या उजव्या तळव्यावर ठेवला आणि हळू आवाजात म्हणाले, "बैठो, बाईसाब. बिस्मिल्ला."

मालकांनी ते ऐकलं. अट पुरी झाली.

वेशीपर्यंतचा रस्ता मला कधी एवढा लांब वाटला नव्हता. मी घोडीकडे बघत नव्हते, तांब्याकडे बघत होते. ताकावर लोण्याचा एक कण तरंगत होता, तो जागचा हलत नव्हता. शिंपी, पानवाला, तेल्याची म्हातारी, सगळे पायऱ्यांवर आले होते. वेशीपाशी वळताना एक थेंब माझ्या मनगटावर आला. तो मी चाटून टाकला आणि परत आले.

दुकानापुढं येऊन तांब्या कारभाऱ्यांच्या पुढं धरला. "घ्या. उन्हातनं आलाय."

त्यांनी आत वाकून बघितलं. मग तांब्या तोंडाला लावून अर्धा संपवला. मिशा पुसून म्हणाले, "मालक, ओझ्याच्या घोडीचे जेवढे होतील त्याच्या दुप्पट."

 मला हे आधी सुचायला हवं होतं. चाल नव्हती तेव्हा घोडी कुणाला नको होती. चाल दाखवली आणि मीच तिची किंमत वाढवून ठेवली. मालक व्यापारी माणूस. दुप्पट म्हटल्यावर त्यांनी एकदा घोडीकडे आणि एकदा माझ्याकडे बघितलं.

मी खाली उतरले आणि कारभाऱ्यांना विचारलं, "जहागिरीच्या तबेल्यात चाबूकस्वार हाईत का?"

"तिघं हाईत. हैदराबादेस्नं आणलेले." त्यांना वाटलं मी घोडीच्या काळजीनं विचारते.

"ते दोर बांधत्यात?"

"मंग? घोडं घोटून काढावं लागतंय रोज."

"मंग म्हैनाभरानं परत घेऊन याल. मघा कशी लोळली बघितलं न्हवं? पेठेत लोळली ती जहागीरदारांच्या अंगणात लोळंल. आणि दुप्पट दाम कुणी दिलं म्हणून तुमालाच इचारतील."

पानवाला मोठ्यानं हसला. कारभारी हसले नाहीत, पण छत्री त्यांनी दुसऱ्या हातात घेतली. उस्तादांकडे वळून म्हणाले, "खरं हाय का हे?"

उस्ताद दोर गुंडाळत होते. खोटं बोलले असते तर घोडी गेली असती आणि त्यांची फजितीही तिच्याबरोबर नजरेआड झाली असती. ते म्हणाले, "साहेब, मी दोन महिने बांधलं. माझ्यानं झालं न्हाई. या बाईंनी केलं. तुमच्या तिघांच्यानं बी होणार न्हाई."

मालकांनी गादीवर बसत सांगितलं, "कारभारी, घोडी द्यायची न्हाई. हिचं काम हाय तिच्यावर." एवढंच. दुप्पट दामावर त्यांनी पुन्हा एकदाही तोंड उघडलं नाही. माझ्यावर मात्र आठवडाभर धुमसत होते, न सांगता बसले म्हणून. ते मी ऐकून घेतलं. चूक माझी होती आणि घोडी घरात होती.

उरलेलं ताक सासूबाईंनी उस्तादांना दिलं. उस्ताद ताक पीत मला विचारत होते, घागरी किती मोठ्या, पहिल्यांदा किती भरल्या, दगड केव्हा घातले. मी सगळं सांगितलं. पुढच्या वर्षी त्यांनी एका देशमुखांचं तट्टू असंच पाणी वाहून शिकवलं आणि ही रीत आपल्याला शिकवणाऱ्या उस्तादांची म्हणून सांगितली. म्हणेनात. मला माझी नऊ गावांतली घरं होती.

त्या परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी उजाडताच मी घोडीला हुलगे घातले, लग्नाच्या लुगड्यांचा गठ्ठा डावीकडे, खण आणि ओढण्या उजवीकडे बांधल्या आणि निघाले. दोन ओढे ओलांडून, ऊन चढायच्या आत, थेट त्याच घरी गेले जिथं उमरग्याच्या कापडवाल्याची बहीण येऊन गेली होती. घरच्या बीबींनी पडदा सारून विचारलं, "इतने दिन कहाँ थी, बहन? दूसरी आके गयी, मालूम है?"

"मालूम है," मी म्हटलं, "तिच्याकडं काय होतं ते सांगा," आणि गठ्ठ्याची गाठ सोडली.