नाय म्हणायची सोय

आमच्या घरातून कॉलेजची पायरी पहिल्यांदा मी चढले, आणि आज भांडुपच्या एका ज्युनिअर कॉलेजात शिकवते. हे मी मुद्दाम सांगते. सांगायला आवडतं मला.

गेल्या वर्षी अकरावीच्या वर्गात मी गट पाडले. विषय दिला, कँटीनमधली गर्दी कमी कशी करायची. सुचेल ते रंगीत चिठ्ठीवर लिहायचं आणि भिंतीवरच्या मोठ्या कागदावर चिकटवायचं. वर्ग नुसता उसळला होता. मी खूश. तास संपल्यावर एक मुलगी काठी टेकत आली. तिला अजिबात दिसत नाही. म्हणाली, "मॅडम, मला एकटीलाच काम द्या. गटात सगळे भिंतीशी बोलतात."

लाज वाटली. भिंतीची कल्पना माझीच ना.

घरी बाबांना सांगितलं. ते मालवणकडचे, मिलमध्ये राबलेले. गणपतीला आख्ख्या चाळीचं गाऱ्हाणं तेच घालतात. एकाने मागणं बोलायचं, वाक्य संपलं की सगळ्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. म्हणाले, "डोळे मिटले तरी कळता गो, कोणाचा बोलणा खंय संपला ता."

दुसऱ्या दिवशी चिठ्ठ्या बंद. आपलं नाव घ्यायचं, कल्पना सांगायची, मग गटाने 'व्हय म्हाराजा'. पोरं खिदळली, एकाने नारळ आणू का विचारलं, पण जमलं. तिची पाळी आली. ती म्हणाली, चहा आणि वडापाव एकाच खिडकीवर कशाला, चहा मागच्या दाराला न्या. व्हय म्हाराजा.

तिचा चेहराच पडला.

"तुम्ही सगळ्यालाच व्हय म्हणता. तोंडं वाकडी केलेली मला दिसत नाहीत. पटलं नाही तर नाय म्हणा ना."

मग तिच्या शेजारचा मुलगा जरा घाबरतच म्हणाला, "नाय म्हाराजा. तिकडे पाणी तुंबतं. चहा घेऊन घसरशील तू."

"मी नाही घसरत रे, बघून चालणारे घसरतात. लादी बसवून घेऊ."

"नाय म्हाराजा. लादी कोण बसवणार, तुझा काका?"

घंटा झाली, वर्ग रिकामा झाला, तो गट तिथेच. मी जवळ जाऊन तिला विचारलं, अजूनही एकटीचं काम हवंय का.

"थांबा हो मॅडम," ती म्हणाली, "याला आधी पटवू दे."