पासबुक नसलेले पैसे

अमेरिकेत, हर्नडनमध्ये माझी नोकरी गेली त्या सकाळी मी बायोडेटा उघडला नाही, ब्रोकरेजचं खातं उघडलं. व्हिसाच्या नियमाने दुसरी नोकरी शोधायला साठ दिवस होते. बायकोच्या व्हिसावर कामाची परवानगी नव्हती. म्हणजे तोवरचं घरभाडं, विमा, खाणंपिणं, सगळं त्या एका खात्यावर. चार वर्षांपूर्वी ते शेअर घेण्यासाठी उघडलं आणि शेअर एकही घेतला नाही. कधीही परत जावं लागेल, पैसे हाताशी हवेत, म्हणून पगारातून उरेल ते नुसतं तिथे टाकत गेलो.

त्या दिवशी स्टेटमेंट पहिल्यांदा शेवटपर्यंत वाचलं. आकडा बरोबर होता, पण पैसे ब्रोकरेज कंपनीकडे नव्हते. त्यांच्यापुढे दूरच्या राज्यातल्या, कधी न ऐकलेल्या एका बँकेचं नाव होतं.

बाबांनी एक टक्का जास्त व्याजासाठी निवृत्तीचे पैसे तालुक्याच्या पतसंस्थेत ठेवले होते. एका सकाळी तिच्या शटरवर कागद चिकटलेला दिसला. तेव्हापासून त्यांचे दोन नियम: जास्त व्याज देईल त्याच्यापासून लांब राहायचं, आणि दर एक तारखेला बँकेत जाऊन पासबुक भरून आणायचं. त्यावर मी बरेच विनोद केले होते.

कंपनीला फोन लावला. तिथल्या बाईंनी समजावलं, की न गुंतवलेली रोकड रोज आपोआप भागीदार बँकांमध्ये जाते, तिथे तिला सरकारी विमा असतो, वर व्याजही मिळतं. "तुमचे पैसे तुमच्यासाठी काम करत असतात, सर."

म्हणजे घरात बेकार मी एकटाच. पैशांच्या चार वर्षांच्या कामाची मजुरी एका पिझ्झ्याइतकी भरली. बँक जे देते त्यातला मोठा वाटा कंपनी स्वतःकडे ठेवते, हे बाई बोलल्या नाहीत; ते करारात बारीक अक्षरात होतं.

"मग मनी मार्केट फंडात टाक ना, व्याज जास्त मिळेल," बायको म्हणाली. "तुझ्या ऑफिसातले सगळे तेच करायचे."

"त्याला विमा नाही."

"अरे, सरकारी रोख्यांचा फंड आहे. अमेरिकेचं सरकार बुडणार आहे का?"

"पतसंस्थेचा चेअरमनही असाच भक्कम दिसायचा."

"बाबांवर गेलायस अगदी."

दहा दिवस मी फंड घ्यायच्या बटणाकडे नुसता बघत होतो. अकराव्या दिवशी दाबलं. दुसऱ्या सकाळी खातं उघडलं तर रोकड: शून्य. मी बायकोला हाक मारली. तिने येऊन स्क्रीन दोन ओळी खाली सरकवली. सगळे पैसे तिथे होते, फंडाच्या नावापुढे. "नुसती जागा बदललीय," ती म्हणाली.

बाबांचा फोन आला. नोकरीचं त्यांनी विचारलं नाही.

"पैसे आहेत ना रे?"

"आहेत."

"स्वतः बघितलेस?"

"बघितले, बाबा."

"कागदावर?"

फोन ठेवला. मग लायब्ररीत जाऊन खात्याचं पान छापून आणलं. आता रोज आणतो. पानाला थोडे सेंट पडतात; नव्या व्याजातून परवडतं. साठातला आज एकेचाळिसावा दिवस. फाइल जाड होते आहे, पानावरचा आकडा रोडावतो आहे.