चौदा पोती वाळू

एल्डन प्रुईटबद्दल आमच्या ब्रॉली गावातले लोक एकच सांगतात, की तो कंटाळवाणा माणूस होता. ‘होता’ म्हणतात. तो अजून आहे, माझ्या गवताच्या शेडमागं राहतो. कंटाळवाणा हे मात्र खरं. त्याचं बोलणं माझ्याइतकं कोणी ऐकलेलं नाही, तेव्हा माझा शब्द धरा.

माझा वजनकाटा आहे. वडिलांचा होता. मी कॉलेज करून परत आले, त्यांचे गुडघे गेले, आणि काट्यावर बसले ती बसलेच. वर्षभर लसूणघासाच्या गठ्ठ्यांचे ट्रक येतात. हिवाळ्यात त्यात भर पडते ती वाळूच्या टेकड्यांकडे निघालेल्या मंडळींची. त्यांच्या ट्रकांमागं टॉय हॉलर असतात. म्हणजे असा ट्रेलर, की ज्याचा पुढचा अर्धा भाग घर, ओटा-पलंग-संडास सगळं, आणि मागचा अर्धा गाडीखाना. मागची भिंत खाली पाडली की तिचाच उतार होतो आणि वाळूत पळवायची बग्गी त्यावरून आत चढते. शंभरातले नव्वद जण वजन न करताच जातात. ट्रक ओढतोय ना, मग झालं. उरलेल्या दहांतला एल्डन.

तो कालव्यावर पाटकरी होता, एकतीस वर्षं. पहाटे दार उचलायचं, ज्याच्या वाट्याचं जितकं पाणी तितकं सोडायचं, दार पाडायचं. कोणाला तांब्याभर जास्त मिळालं नाही आणि कोणाचं कमी झालं नाही. शेतकरी त्याला शिव्या द्यायचे आणि तो रजेवर गेला की दिवस मोजायचे.

घरचा ट्रेलरही तो तसाच चालवायचा. काट्यासमोरच्या पंपावर ट्रकची टाकी काठोकाठ भरायची, मग काट्यावर. आधी नुसता ट्रक. मग ट्रेलर जोडून, पण ट्रेलरची चाकं काट्याबाहेर ठेवून. ट्रकचं वजन जितकं वाढलं तितका ट्रेलरच्या नाकाचा भार हुकावर आला. मग सगळं एकत्र. त्याच्या हुकाची मर्यादा बाराशे पौंड. प्रत्येक वर्षीचे आकडे तो ओट्यावरच्या कपाटाच्या दाराला आतून पेन्सिलीनं लिहायचा.

त्याची बायको वर्ना शाळेच्या स्वयंपाकघरात होती. बग्गी तिची. पिवळी, अकराशे पौंडांची. टेकडीच्या माथ्यावरून वर्ना ती अशी सोडायची, की खाली उभा एल्डन डोळे मिटून घ्यायचा.

“हॅटी, सांग ह्याला,” ती काट्यावर ट्रकच्या खिडकीतून मला म्हणायची, “बिडाचं भांडं घरी ठेवायला लावलंय. बीन्स कशात शिजवू, ह्याच्या टोपीत?”

“अठरा पौंड आहे ते,” एल्डन.

“आणि मी किती आहे ते विचारलंस कधी?”

“विचारलं असतं तर लग्न झालं नसतं.”

“बघ. चाळीस वर्षांत एक विनोद केला, तोही वजनावर.”

मागल्याच्या मागल्या वर्षी मार्चमध्ये वर्ना गेली. पोटात गाठ निघाली आणि सात आठवड्यांत सगळं संपलं. घर भाड्याचं, मालकाला ते मुलासाठी हवं होतं. एल्डन शहात्तरचा. त्याची मुलगी जोलीन डोंगरावर फ्लॅगस्टाफला असते. ती फोनवर म्हणाली, बाबा, बग्गी विकून टाका, ट्रेलर घेऊन या, आमच्या अंगणात लावा. बग्गी गेली की हलका होईल, चढावर त्रास नाही.

“जोलीननं अंगणात जागा केलीय,” हे वाक्य त्या महिन्यात त्यानं पंपावरच्या पोराला सांगितलं, टपाल टाकणाऱ्या बाईला सांगितलं, मला तीनदा सांगितलं. न विचारता काही सांगताना मी त्याला पहिल्यांदाच पाहत होते. ती जागा सोडली तर त्याच्यासमोर दुसरं काही नव्हतं, आणि हे त्यालाही कळत होतं.

ऑक्टोबरात बग्गी विकून तो निरोप घ्यायला आला. ट्रेलर रस्त्यालाच उभा केला.

“काट्यावर घे,” मी म्हटलं.

“रिकाम्याचं काय वजन करायचं? चार कपडे, तिचं शिवणयंत्र, मुरांब्याच्या बरण्या.”

“एकतीस वर्षं मोजून पाणी सोडलंस. आता अंदाजानं जाणार?”

“कॉलेजवाली, तू कधी सुधारणार नाहीस,” म्हणाला आणि वळवला.

एकूण वजन मर्यादेच्या खूप आत. नाकाचा भार पंधराशे साठ.

“तुझा काटा बिघडलाय.”

“माझा काटा बिघडला तर सरकारी माणूस येऊन मला कुलूप लावतो. डोकं चालव, एल्डन.”

ही चूक वाळूवालेच करू शकतात. सामान काढलं म्हणजे भार कमी, असं साध्या ट्रेलरचं असतं. पण मागं जड गाडी उभी राहणार हे धरूनच टॉय हॉलरची चाकं मागं सरकवलेली असतात. मागं भार टाकला की गाडी उलाळ व्हायला बघते, नाक उचललं जातं आणि हुकाला सोसवतं. ती गाडी काढून घेतली की नाक खाली बसतं. त्यात ह्यानं सगळा संसार पुढच्या कपाटांत कोंबलेला. असा डोंगर चढायला निघाला असता, तर ट्रकचं तोंड वर आणि पुढची चाकं रस्त्याला नावापुरती.

“म्हणजे इतकी वर्षं तिच्या बग्गीनं नाक वर धरलं होतं,” तो म्हणाला.

“भौतिकशास्त्र आहे ते. रडत बसू नकोस.”

तो रडत नव्हता. मीच घाईत बोलले.

आम्ही सगळं सामान गाडीखान्यात नेऊन ठेवलं. एक्केचाळीस वर्षांचा संसार, दोनशे पौंडसुद्धा भरला नाही. पुन्हा काट्यावर घेतलं. चौदाशे साठ. तो ट्रेलरच्या उतारावर बसून राहिला.

“जोलीनला कळव, उशीर होईल,” मी म्हटलं.

“आज येतो म्हणून सांगितलंय.”

“मग पोचू नकोस. वाटेत कुठंतरी दरीत राहा.”

त्यावर तो उठला आणि ट्रकमधली पेटी उघडली. कालव्याला भगदाड पडलं की बुजवायला पाटकरी वाळूची छोटी पोती भरतात. रिटायर होऊन बारा वर्षं झाली तरी रिकामी पोती ह्याच्या पेटीत घडी करून ठेवलेली. माझ्या शेडमागं वाऱ्यानं वाळूचा ढीग साठतो. दोन दिवस तो ती वाळू भरत होता. मी बर्फाचा चहा देत होते आणि प्रत्येक पोतं लहान काट्यावर टाकत होते. पन्नास पौंड म्हणजे पन्नास. एकोणपन्नास भरलं तर तो परत सोडून ओंजळभर घालायचा. चौदा पोती झाली. बग्गीची चाकं जिथं बसायची तिथं रचून त्यानं पट्ट्यांनी आवळली.

नाकाचा भार अकराशे ऐंशी.

कपाटाच्या दारावर त्यानं वर्षांच्या यादीखाली लिहिलं, ‘ऑक्टोबर. वाळू.’ आणि गेला. मला बरं वाटलं होतं, खोटं कशाला सांगू. म्हटलं, एकाचं तरी जमलं.

फेब्रुवारीत एका सकाळी समोरच्या पंपावर तोच ट्रक, मागं तोच ट्रेलर. त्यानं टाकी काठोकाठ भरली आणि न विचारता काट्यावर आणून उभा केला. मी बाहेर गेले नाही. आधी ऑक्टोबरच्या पावतीची प्रत काढली.

एकूण वजन तेव्हापेक्षा वीस पौंडांनी कमी. माझा काटा वीसवीसनंच सरकतो, म्हणजे एक घर खाली.

चार महिने लेकीकडं राहिलेल्या माणसाच्या ट्रेलरमधून एक खुर्ची तरी उतरते. यंत्र उतरतं. बरण्या तर वाटल्याच जातात. ह्याचं काहीच उतरलं नव्हतं. वीस पौंड कुठले, म्हणून बाहेर जाऊन त्याच्याकडं पाहिलं. कमरेच्या पट्ट्याला दोन नवी भोकं पाडलेली होती. मग वीस पौंडांचाही पत्ता लागला.

“अंगणाचं काय झालं?”

“अंगण मोठं आहे.”

“मग?”

“त्यांच्या आळीचा नियम आहे. ट्रेलर चौदा दिवसच लावता येतो. जोलीनला माहीत नव्हतं.”

“आणि पंधराव्या दिवशी?”

“गावाबाहेर ट्रेलरांचा तळ आहे. पंचवीस मैलांवर.”

“यायची का ती?”

“रविवारी. बर्फ पडेपर्यंत. तिचं चुकलं नाही. कामात असते.”

दुसऱ्याच्या घरात नाक खुपसू नये एवढं मला कळतं, तरी मी जोलीनला फोन केला.

“त्यांनाच करमत नव्हतं, हॅटीमावशी,” ती म्हणाली. “सामान काढा म्हटलं, तर काढलं नाही.”

“काढून ठेवायचं कुठं?”

ती म्हणाली, दारात कोणीतरी आलंय.

त्याला मी शेडमागची जागा दिली. ह्यात पुण्य काही नाही, जागा पडूनच होती. ट्रेलर तिथं लावला त्याला आता वर्ष होईल. एकशे पंधरा फॅरनहाइटच्या उन्हाळ्यात तो आतच बसून होता. जोलीनचा फोन नाताळला येतो. मी त्याला सारखी सांगते, ती पोती उतरव, उभ्या गाडीचे टायर कशाला मारतोस.

“काढली तर निघता यायचं नाही,” तो म्हणतो.

“कुठं निघायचंय?”

तो पोत्यांवरच्या पट्ट्या ओढून बघतो.

दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी तो ट्रेलर जोडतो. समोरच्या पंपावर जाऊन टाकी भरतो, काट्यावर येतो. आधी नुसता ट्रक, मग चाकं बाहेर ठेवून, मग सगळं. मी पावती करून त्याच्या हातात देते. तो चष्मा लावून ती वाचतो.

“मर्यादेत बसतंय,” मी म्हणते.

तो मान हलवतो आणि ट्रेलर शेडमागं नेऊन लावतो. इथून साठ पावलं.