नाकवालीचं नाक

मसाल्याच्या दुकानात तिला सगळे नाकवाली म्हणत, आणि त्या नाकानंच तिला दगा दिला. तापातून उठली, डबा उघडला, तर हळदीला वासच नाही! धने, जिरं, मेथी, सगळ्यांची तीच गत. जिभेला तिखट कळे, कडू कळे, बाकी नुसता भुसा. महिना झाला तरी तिनं कुणापाशी चकार शब्द काढला नव्हता. वास घेऊन मसाला जुळवणं हाच तर धंदा. गिऱ्हाइकांना कळलं की दुकानाला कुलूपच.

त्यात सकाळी खानावळवाल्यानं डोकं खाल्लं. "मला मूळची करी पाहिजे. पहिल्यांदा झाली तशी."

"पहिल्यांदा झाली तेव्हा मी काय चुलीपाशी बसले होते?" ती तडकली. "अहो, करीला कसलं आलंय एक मूळ! घरोघरी बायकांनी हाताला लागेल ते वाटलं, कालवलं. प्रत्येकीच्या कालवणाचं नाव वेगळं. परक्यांना ती नावं उच्चारता येईनात, म्हणून सगळ्यांना मिळून एकच नाव चिकटवून टाकलं."

"मग निदान हळद तरी बेतानं घाला. मागच्या मसाल्यात हळदीचाच वास मारत होता. पुन्हा तसा निघाला तर दुसरं दुकान बघतो," असं सुनावून तो गेला.

महिनाभर ती नुसत्या मापानं मसाला जुळवत होती. माप ठरलेलं होतं हो, पण एका पोत्यातली हळद दुसऱ्यासारखी नसते. मापाला काय कळतंय, कपाळ!

आतल्या दारापाशी सासूबाई बसल्या होत्या. दुकान मूळचं त्यांचं. गेली वीस वर्षं प्रत्येक परातीवर त्यांचं एकच पालुपद, "हळद जास्त झालीये." एकदा तरी बरं म्हणाल तर जीभ झडेल का, असं ती रोज मनात म्हणे. आज मात्र नाक मुठीत धरून नव्या मसाल्याची परात घेऊन त्यांच्यापुढे गेली.

"आई, खरं सांगा, जास्त झालीये का? मला वास येत नाही. महिना झाला."

सासूबाईंनी परातीकडे बघितलंसुद्धा नाही. "मला काय विचारतेस? तू या घरात यायच्या आधीच माझं नाक गेलंय."

"काय? मग वीस वर्षं माझा जीव खाल्लात तो कशाला?"

"जास्त झालीये म्हटलं की तू चिडायचीस, आणि चिडून पुन्हा वास घ्यायचीस. दुसऱ्यांदा घेतलेला वास तुझा कधी चुकला नाही. मला दुसरं काय करता येत होतं?"

परात आपटावी असं तिला वाटलं. "अहो, पण एवढं सांगायला काय झालं होतं?"

"तू सांगितलंस महिनाभर?"

तिनं परात खाली ठेवली. राग येत होता, रडूही येत होतं, आणि कुठलं आधी येतंय तेही कळेना.

"त्या खानावळवाल्याला बोलाव," सासूबाई म्हणाल्या. "त्याच्यासमोर थोडी थोडी हळद घाल. वास त्यालाच घेऊ दे. मूळची करी हवीये ना, लाव म्हणावं नाक."

"आणि मी का घेत नाही, असं विचारलं तर?"

"खरं ते सांग," सासूबाई म्हणाल्या. "मला नाही जमलं."