विलंबित संपेपर्यंत

मार्गशीर्षातल्या मंगळवारी सकाळी माझा नवरा ऑफिसला जायला निघाला आणि जिन्यात बसला. शेजाऱ्यांनी ऑटो आणला. दवाखान्यात डॉक्टरांनी नाडी पाहिली, छाती दाबली, मग मला बाहेर बोलावून सांगितलं. तेव्हा दहा वाजून पाच मिनिटं झाली होती.

पुढच्या तेरा दिवसांबद्दल मला फारसं सांगता येणार नाही. माणसं येत होती, चपला दाराबाहेर काढत होती, चहा घेऊन जात होती. राळेगावकडून त्याची धाकटी बहीण आली होती. तिच्या शेतात कापूस वेचायला आला होता, तरी ती राहिली. चौदाव्या दिवशी मी कॉलेजच्या ग्रंथालयात पुन्हा जायला लागले. मुलं पुस्तकं परत करत होती, मी शिक्के मारत होते. सहकारी म्हणाल्या, इतक्यात कशाला आलात? घरी तरी काय करणार होते?

घरी गाणं होतं. म्हणजे त्याच्या मोबाइलमध्ये, जुन्या कॅसेटींमध्ये, माझ्या कपाटातल्या वह्यांमध्ये. एका दुपारी मी त्यातलं एक लावलं. तोडी होती. तोडी आहे हे मला पहिल्या दोन स्वरांतच कळलं, जसं एखाद्या पुस्तकाची पाठ पाहून ते कोणत्या कपाटातलं आहे हे कळतं. पण ते तेवढंच राहिलं. सतरा मिनिटं मी ऐकत होते. स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली आणि मला ती आणि गाणं यांत फरक वाटला नाही. मग मी ते बंद केलं. दुसऱ्या दिवशी भैरवी लावून पाहिली. तिसऱ्या दिवशी काही लावलं नाही.

हे नीट सांगायचं तर आम्ही गाणं कसं ऐकायचो ते सांगावं लागेल.

मी राग आधी वाचले, मग ऐकले. माझे वडील इथंच, यवतमाळला, सरकारी कचेरीत होते. घरात ट्रान्झिस्टर होता, पण तो बातम्यांपुरता. शाळेच्या ग्रंथालयात संगीतावरची दोन जाड पुस्तकं होती, ती कुणी नेत नसे, म्हणून मी नेली. कोणत्या रागाला कोणता स्वर वर्ज्य, कोणत्या प्रहरी काय गावं, हे मला बाराव्या वर्षी पाठ होतं आणि मी एकही मैफल ऐकलेली नव्हती. कॉलेजात गेल्यावर कॅसेट मिळायला लागल्या. तेव्हा एकेक राग ओळखीचा निघत गेला. फोटो पाहिलेला माणूस स्टँडवर भेटावा, तसं.

माझ्या नवऱ्याचं उलट होतं. त्याचे वडील राळेगावकडच्या गावात भजनी मंडळात मृदंग वाजवायचे. तो त्या मंडळात टाळ घेऊन बसत मोठा झाला. रागांची नावं त्याला कधीच आली नाहीत. पण ताल त्याच्या अंगात होता. भाकरी खाताना, फाइल बांधताना, बसमध्ये पुढच्या सीटच्या दांडीवर त्याची बोटं चालू असायची.

लग्नानंतरच्या पहिल्याच महिन्यात आम्ही आमच्या गावातल्या संगीत मंडळाच्या रविवार सकाळच्या बैठकीला गेलो. शाळेचा हॉल, सतरंजी, पुढे गायक. गायकानं विलंबित ख्याल सुरू केला. हा ख्याल इतका संथ चालतो, की तबल्याचं एक आवर्तन संपेपर्यंत नवख्या माणसाचा धागा सुटतो. आवर्तन जिथं पुन्हा सुरू होतं ती पहिली मात्रा म्हणजे सम. तिथं गायक आणि तबला एकत्र येतात, आणि जाणती माणसं मान हलवतात. मला राग कळला होता, पण सम सापडत नव्हती. मी शेजाऱ्यांच्या माना पाहून, जरा उशिरानं, मान हलवत होते. नवऱ्यानं ते पाहिलं. त्यानं माझ्या मनगटावर एक बोट ठेवलं. सम आली की ते बोट दाबलं जायचं.

परत येताना मी म्हणाले, "पुस्तकात मात्रा दिलेल्या असतात. मी आज घरी मोजून पाहीन."

"पुस्तकात सम नाई भेटत व," तो म्हणाला. "थे पडली का समजते."

"आणि तुम्हाला राग कोणता होता ते कळलं का?"

"मले काय कराचं नावाचं? गाणं चांगलं होतं ना!"

"देसकार होता."

"असंन बापा. तू सांगजो, मी दाबीन. झालं जमून."

तसं सव्वीस वर्षं जमलं. नागपूरला, वर्ध्याला, अमरावतीला, जिथं सकाळचं गाणं असेल तिथं आम्ही पहिल्या एस.टी.नं जायचो. गायक बसला, पहिला आलाप झाला, की मी नवऱ्याकडे वाकून रागाचं नाव सांगायचे. मग तबला सुरू झाला, की त्याचं बोट माझ्या मनगटावर यायचं. इतक्या वर्षांत मी सम मोजायला शिकले नाही आणि तो तोडीचं नाव शिकला नाही. गरज पडली नाही.

आवडी मात्र जुळत नव्हत्या. मला विलंबित आवडायचं. खरं तर त्याही आधीचं, तंबोरे लावणं. नागपूरला एकदा थंडीत उघड्या मैदानात गाणं होतं. तंबोऱ्याच्या तारा सुरात राहत नव्हत्या आणि गायिका अर्धा तास तंबोरा लावत बसल्या. लोक चुळबुळ करत होते. मला ते सगळ्या दिवसातलं सर्वांत चांगलं वाटलं. तो म्हणाला, "गाणं आयकाले आलतो का तंबोरा पाहाले?" विलंबित चालू झालं की त्याचा जीव कासावीस व्हायचा. "बुवानं गाडी अजून स्टँडातून नाई काढली," असं माझ्या कानात म्हणायचा, आणि मग विलंबित संपून द्रुत सुरू झालं, जलद लय आली, तबला बोलायला लागला, की हा सरसावून बसायचा. तराणा, म्हणजे नुसत्या बोलांचं जलद गाणं, असला तर विचारूच नये. मला द्रुतात काही कळायचं नाही. पत्ते पिसावेत तसे स्वर जातात असं वाटायचं. पण मी बसून असायचे, कारण तो विलंबितात बसलेला असायचा. हे आम्ही कधी बोललो नाही.

आता तो गेल्यावर आणि गाणं ऐकू येईनासं झाल्यावर मी एका प्रश्नाशी येऊन थांबत होते. मला गाणं खरंच आवडत होतं का, की मला त्याच्याबरोबर गाण्याला जाणं आवडत होतं? हा प्रश्न मी ग्रंथालयात शिक्के मारताना विचारायचे, भाजी निवडताना विचारायचे. त्याचं उत्तर दुसरं असेल तर माझ्याकडे काहीच उरत नव्हतं. त्याची भीती वाटत होती असंही नाही. तपासून पाहायला हवं, इतकंच वाटत होतं.

फाल्गुनात मंडळाच्या सरांचा फोन आला. ते निवृत्त शिक्षक आहेत, बैठकी तेच ठरवतात. म्हणाले, "ताई, रविवारी या. तिसऱ्या रांगेत भिंतीशी तुमची जागा असते, तिथं कुणी बसत नाही."

नणंद तेव्हा तुरीच्या कामातून मोकळी होऊन चार दिवस माझ्याकडे आली होती. तिला म्हटलं, चल. ती म्हणाली, "मले काय समजते वयनी त्याच्यातलं? मी आपली भजनवाली." पण लुगड्याची घडी मोडून तयार झाली.

बाहेरगावच्या एक गायिका होत्या. त्यांनी षड्ज लावला, आलाप सुरू झाला, आणि मी सवयीनं डावीकडे वाकून म्हणाले, "तोडी." डावीकडे नणंद होती. ती म्हणाली, "काय?" मी म्हटलं, काही नाही.

मग विलंबित एकताल सुरू झाला. गाणं आत जात नव्हतं. घरच्यासारखंच. म्हणून मी तबला धरला. आदल्या रात्री पुस्तक काढून मी बोल पाठ केले होते. एकतालाच्या बारा मात्रा. त्यात 'धागे तिरकिट' येतं, त्यानंतर दोन मात्रा गेल्या की सम. मी तिरकिटाची वाट पाहिली. तिरकिट आलं. दोन मात्रा मोजल्या आणि मान हलवली, हातही थोडा उचलला. तबलजींनी माझ्याकडे पाहिलं आणि ते हसले. मला वाटलं, दाद पोचली. पुढच्या आवर्तनात मी पुन्हा तेच केलं. पुढच्या रांगेतल्या एका गृहस्थांनी मागं वळून पाहिलं.

नणंद माझ्या कानाशी आली. "वयनी, यवतमाळचं तिकीट काढून तुमी अर्ध्या रस्त्यात कळंबलेच उतरून राह्यल्या."

"म्हणजे?"

"सम थ्या ठिकाणी नाई व. अजून लंबी हाये."

तिरकिट एकतालात दोनदा येतं. एकदा पहिल्या अर्ध्यात, एकदा दुसऱ्या. मी पहिल्यालाच धरून बसले होते आणि भर सभेत सातव्या मात्रेला दाद देत होते. पुस्तकात दोन्ही लिहिलेली होती. मीच एक वाचलं होतं. ज्याच्या कानात गायिकेचे शब्द जात असतील त्याच्याकडून ही चूक होणार नाही, कारण शब्द समेवर येऊन टेकतात. माझ्या नवऱ्याकडून कधी झाली नसती, आणि जिला रागाचं नाव माहीत नव्हतं त्या त्याच्या बहिणीकडूनही नाही.

"तुला कसं कळलं?" मी विचारलं.

"बाबाच्या मांडीपाशी बसून भजन आयकलं ना आमी दोघायनं. कळणार नाई त काय." मग ती म्हणाली, "आना, हात आना इकडं."

तिनं माझं मनगट धरलं आणि त्यावर बोट ठेवलं. बोट त्याच्यासारखंच होतं, जाडसर, कापूस वेचून चरे पडलेलं. त्याचं शेत सुटून तीस वर्षं झाली होती, तरी त्याचंही बोट शेवटपर्यंत तसंच होतं. मी हात मागं घेतला. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि आपला हात मांडीवर ठेवला.

त्यानंतर मी मोजणं सोडलं. सम कुठं येते याची वाटही पाहिली नाही. गायिका कोमल गंधारावर आल्या आणि तिथंच थांबल्या. निघाल्या, फिरून परत तिथंच आल्या. असं बराच वेळ चाललं. कुणाला घाई नव्हती. त्या तिसऱ्यांदा तिथं येऊन टेकल्या तेव्हा माझ्या लक्षात आलं, की त्या परत याव्यात असं मला वाटत होतं. रडू आलं नाही. छातीत काही झालं नाही. गेल्या तीन महिन्यांत पहिल्यांदा मला कशाची तरी वाट पाहावीशी वाटली, इतकंच. त्या आणखी दोनदा तिथं आल्या.

मग द्रुत सुरू झालं. तबलजींनी बाही सावरली, हॉलमध्ये माणसं सरसावून बसली. मीही बसले होते, सवयीनं पाठ ताठ करून. एक आवर्तन गेलं, दुसरं गेलं. कशासाठी बसले आहे, असं मनात आलं. आमच्या मंडळात राग चालू असताना कुणी उठत नाही. लहान मूल रडलं तर आईसुद्धा ते कडेवर घेऊन भिंतीला टेकून उभी राहते, बाहेर जात नाही. मी उठले. वाकून, रांगेतून, लोकांच्या गुडघ्यांना वाट मागत बाहेर आले. सर दारात होते. त्यांना वाटलं मला भरून आलं असेल. त्यांनी पाण्याचा पेला पुढे केला. मी प्यायले.

नणंद मागोमाग आली. "काहून उठल्या व? बरं नाई वाटून राह्यलं का?"

"बरी आहे. मला द्रुत आवडत नाही."

"काय नाई आवडत?"

"हे आता चाललंय ते. जलद."

तिनं कान देऊन ऐकलं. आतून तबला ऐकू येत होता. "दादाले त हेच आवडत होतं."

"हो. त्यांना आवडायचं."

"मंग इतले वर्ष तुमी कायले बसून राह्यल्या?"

"ते आधीच्या संथ गाण्याला बसायचे म्हणून."

ती हसायला लागली. तोंडाला पदर लावून, भाऊ गेल्यापासून पहिल्यांदाच. "अय माय! दोघंही बसून राह्यले, अन् दोघायलेही वैताग!" हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं, मग ती रडत होती, मग तिनं डोळे पुसले. मी तिच्याशेजारी पायरीवर बसले. मला हसू आलं नाही, रडूही नाही. पण ती म्हणाली ते बरोबर होतं. पूर्ण बरोबर नव्हतं, वैताग नव्हता. मी तसं तिला सांगितलं नाही. मग आम्ही चालत घरी आलो, आणि तिनं पिठलं टाकलं.

त्यानंतर मी तीन बैठकींना गेले. एकटीच. मंडळातल्या लोकांना आता सवय झाली आहे. मी दाराजवळ बसते म्हणजे उठताना कुणाच्या गुडघ्यांना त्रास होत नाही. राग ओळखता येतो, तो कुणाला सांगत नाही. मांडीवर बोटांनी बारा मोजते. कधी सम सापडते, पुष्कळदा चुकते. विलंबित मला आवडतं, हे मला आता ठाऊक आहे. ते संपलं की मी चपला घालते आणि घरी येते.